गरोदरपणात शुगर निघाली? बाळाच्या पहिल्या दिवसाची तयारी अशी करा

गरोदरपणात शुगर निघाली की घरात पहिला प्रश्न येतो, "बाळालाही डायबिटीस होणार का?" मी इंदूरला नवजात बाळांच्या वॉर्डात सिस्टर आहे. माझं उत्तर असं: बाळ शुगर घेऊन जन्माला येत नाही. उलट जन्मानंतर त्याची साखर खाली जाऊ शकते. हे का होतं ते नीट समजून घ्या, म्हणजे आम्ही सांगतो त्यातली एकही गोष्ट जाचक वाटणार नाही.

आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, पण आईचं इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर उतरवणारं हार्मोन, जात नाही. बाळाचं स्वादुपिंड तिसरा महिना संपता संपता स्वतःचं इन्सुलिन बनवू लागतं. साखर जास्त आली की तेही जास्त इन्सुलिन बनवतं. पोटात असताना हे इन्सुलिन वाढीचं काम करतं, म्हणून खांद्यांवर आणि पोटावर चरबी चढते. चरबी वाढली की तिच्यातून निघणारं लेप्टिन हे हार्मोनही वाढतं. अशा बाळांच्या नाळेच्या रक्तात ते जास्त सापडतं. मग नाळ कापली जाते. साखरेचा पुरवठा त्या क्षणी थांबतो, पण इन्सुलिन थांबत नाही. एरवी या वेळी ग्लुकागॉन हे हार्मोन वाढून यकृतातली साखर बाहेर काढतं, पण या बाळांत तेही कमी पडतं. म्हणून पहिल्या काही तासांत साखर घसरते. यात आईच्या दुधाचा दोष नाही आणि बाळाच्या ताकदीचाही नाही.

कोपनहेगनचे डॉ. योर्गेन पेडरसन यांनी १९५०च्या दशकात ही साखळी मांडली. पुढे २००८ साली नऊ देशांतल्या तेवीस हजारांहून जास्त गर्भवतींचा हापो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नाळेच्या रक्तातलं सी-पेप्टाइड मोजलं होतं, कारण त्यावरून बाळाने किती इन्सुलिन बनवलं ते कळतं. आईची साखर जसजशी जास्त, तसतसं सी-पेप्टाइड जास्त आढळलं, आणि अमुक आकड्याखाली बिनधास्त राहा अशी स्पष्ट रेषा काही मिळाली नाही. म्हणून "थोडीशीच वाढलीये" हे वाक्य मला मान्य नाही.

बाळाच्या वजनावरही जाऊ नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याच्या आणि लंडनच्या नवजात बाळांची तुलना केली. आपली बाळं वजनाने बरीच हलकी होती, तरी त्यांच्या कातडीखालची चरबी टिकून होती आणि नाळेतलं इन्सुलिन जास्त होतं.

बाळंतपणाआधी

पहिल्याच तपासणीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त द्या. १४० किंवा त्याहून जास्त आलं तर गरोदरपणातली शुगर धरतात. पहिल्यांदा नॉर्मल आलं तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करायची. निदान झाल्यावर उपाशीपोटी ९५च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी १२०च्या आत हे लक्ष्य ठेवा, आणि आकडे वहीत लिहा.

इंदुरात सकाळ पोहे-जलेबीने होते, हे मला माहीत आहे. जलेबी या काळात पूर्ण बंद. पोहे एक छोटी वाटी, त्यात शेंगदाणे आणि मोड आलेले मूग, वर शेव चिमूटभर, सोबत गोड नसलेलं ताक. सराफ्यातली साबुदाण्याची खिचडी उपवासाची असली तरी जवळजवळ सगळी स्टार्च आहे, आणि मुळात या महिन्यांत उपवास नकोच. डोहाळजेवण जरूर करा. ताटात गोड एकच घास ठेवा, कौतुक कमी होत नाही. प्रत्येक जेवणानंतर थोडं चाला, घरातल्या घरात चाललात तरी चालेल.

डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं तर घाबरू नका. ते वार ओलांडून बाळाकडे जात नाही. आईची साखर उतरली की बाळाच्या स्वादुपिंडावरचा ताण उतरतो, इंजेक्शनचा खरा फायदा हाच.

छत्तीसाव्या आठवड्यानंतर हाताने थोडा चीक, म्हणजे पहिलं घट्ट दूध, काढून साठवता येतो. २०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात, दुसरी कोणतीही जोखीम नसलेल्या डायबिटीसच्या आयांसाठी हे सुरक्षित दिसलं. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. कळा लवकर सुरू होण्याचा धोका असेल तर मुळीच नाही.

पहिले चोवीस तास

बाळंतपण अशाच ठिकाणी करा जिथे रात्रीही बाळाची साखर तपासतात. भरती होताना "मला शुगर आहे" हे ड्यूटीवरच्या सिस्टरला तोंडाने सांगा, फाइलवर सोडू नका.

बाळ जन्मताच आईच्या उघड्या छातीवर, आणि तासाभरात पहिलं दूध. सिझेरियन असलं तरी हे जमतं, मागून घ्या. त्यानंतर दर दोन-तीन तासांनी पाजायचं, झोपलं असेल तर उठवून. आम्ही टाचेतून रक्ताचा थेंब घेतो तेव्हा आजीचा जीव कळवळतो, पण तो थेंब हवाच. साखर ४५च्या खाली गेलेली कित्येक बाळं बाहेरून अगदी छान दिसतात. हातपाय थरथरणं, दूध ओढायला कंटाळणं, सुस्ती, अशक्त रडणं, अंग गार पडणं, जोरात श्वास, निळसरपणा, यांतलं काहीही दिसलं तर पुढच्या तपासणीची वाट न बघता लगेच हाक मारा. साखर कमी निघाली तर दूध, गालाच्या आतून चोळायचं ४० टक्के डेक्स्ट्रोज जेल, किंवा सलाइन, हे डॉक्टर ठरवतील.

मध, गूळपाणी, घुटी यांतलं काहीही नको. मधातून बाळाला बोटुलिझम, म्हणजे जंतूच्या विषाने अंग लुळं पाडणारा आजार, होऊ शकतो. साखरेचं पाणी रक्तात पटकन चढतं, त्यावर बाळ आणखी इन्सुलिन सोडतं, आणि साखर पुन्हा खाली येते. आजींना नुसतं "नको" म्हणू नका, त्यांना काम द्या. गारठलेलं बाळ ऊब टिकवण्यात साखर जाळतं. टोपी सरकू न देणं, आई-बाळ दोघांवर शाल ठेवणं आणि पहिल्या दिवशी अंघोळ न घालणं ही जबाबदारी आजींची. त्या ती आमच्याहून चोख पार पाडतात.

बहुतेक बाळांचं इन्सुलिन दोन-तीन दिवसांत ताळ्यावर येतं. पुढे सहा महिने फक्त अंगावरचं दूध, आणि बाळ गुटगुटीत दिसावं म्हणून वरचं काही नाही. आईची ७५ ग्रॅमची तपासणी सहा आठवड्यांनी पुन्हा असते आणि तीच सगळ्यात जास्त राहून जाते. बाळाची दीड महिन्याची लस त्याच सुमाराला येते. दोन्हींची तारीख आधीच जुळवून घ्या, आणि लसीला जाताना बाळाला धरायला घरातलं कुणीतरी सोबत न्या, कारण तुम्हाला तिथे दोन तास बसायचं आहे.