फायबरच्या होडीला धडक कुठे बसली ते कळायला ऑप्टिकल फायबर सेन्सर कसे लावायचे

होडी जेटीला आपटली, बाहेरून बघितलं तर जेलकोटवर, म्हणजे वरच्या गुळगुळीत थरावर, नखाएवढा ओरखडा, सगळे म्हणतात काय झालं नाही, आणि आत मॅट-रोविंगचे, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या कापडाचे, थर एकमेकांपासून सुटलेले असतात. नाण्याने ठोकून बघा, चांगल्या जागी टणटण वाजतं आणि सुटलेल्या जागी बद्द. पण अख्खी होडी दर वेळी कोण ठोकत बसणार? धडक कुठे बसली ते त्याच क्षणी कळायला हवं, आणि त्यासाठी मला एफबीजी (फायबर ब्रॅग ग्रेटिंग), म्हणजे केसासारख्या ऑप्टिकल फायबरमधले ताण मोजणारे सेन्सर, सगळ्यात भरवशाचे वाटतात. खाऱ्या हवेत गंजत नाहीत, सेन्सरपर्यंत करंट न्यावा लागत नाही, एकाच फायबरवर दहा-पंधरा बसतात.

एफबीजी म्हणजे ऑप्टिकल फायबरच्या गाभ्यात लेझरने कोरलेली बारीक जाळी, साधारण 10 मिलिमीटर लांब, ती एका ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश परत पाठवते. तिथे ताण आला की ती तरंगलांबी सरकते, 1550 नॅनोमीटरच्या आसपास दर मायक्रोस्ट्रेनला (लांबीत दहा लाखांत एक भाग फरक) साधारण 1.2 पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा हजारावा भाग). हे मोजणारी पेटी म्हणजे इंटरोगेटर, आणि खरा खर्च तिचाच.

पेटी घेताना आधी स्पीड विचारा. धरा की धडकेची लाट होडीच्या भिंतीतून सेकंदाला 1500 मीटर जाते, तर 1 किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला हजार रीडिंग घेणाऱ्या, पेटीत दोन रीडिंगच्या मधे ती दीड मीटर पुढे गेलेली असते, मग कुठल्या सेन्सरला आधी पोचली ते बघून जागा काढायचा विचार सोडाच. 10 किलोहर्ट्झला 15 सेंटीमीटर, तरी बरं, 100 असेल तर उत्तम. सेकंदाला एक-दोन रीडिंग देणारी पेटी पुलासाठी ठीक, धडकेसाठी नाही.

पेटी 1 किलोहर्ट्झचीच असेल तरी मार्ग आहे. आतल्या बाजूला खडूने 10-10 सेंटीमीटरचे चौकोन आखा, प्रत्येक चौकोनात रबरी हातोडीने एकसारख्या जोराने तीन-चारदा ठोका, कुठला सेन्सर किती हलला ते लिहून ठेवा. नंतर खरी धडक बसली की तिचा नमुना या नकाशाशी जुळवायचा.

एफबीजीला फायबरच्या लांबीच्या दिशेचा ताण नीट कळतो, आडवा फार कमी. म्हणून सगळे एकाच दिशेला चिकटवू नका, काही उभे काही आडवे ठेवा, आणि एका भागाला निदान तीन-चार तरी हवेत. जागा घासून अ‍ॅसिटोनने पुसायची, फायबर हलका ताणून टेपने धरायचा आणि वर इपॉक्सीचा पातळ थर. थरांच्या आत घालायचा असेल तर शेजारच्या धाग्यांना समांतरच घाला, आडवा घातला तर त्याच्या दोन्ही बाजूंना नुसत्या रेझिनने भरलेली जागा राहते आणि तडा तिथूनच सुरू होतो. बाहेर निघतो तिथे बारीक नळी घालाच, फायबर मोडतो तो नेमका तिथेच. जोड द्यायला इंटरनेट केबलवाल्याचं स्प्लायसिंग मशीन चालतं.

आपल्याकडे गोव्यात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होड्या वर काढलेल्या, म्हणून ही कामं तेव्हाच काढतात. पण कुटबणची जेटी काय, मालीमची काय, पावसात हवा इतकी दमट की इपॉक्सी दगा देतं. मी म्हणेन मेच्या शेवटी होडी वर आली की लगेच चिकटवून टाका आणि पावसात बसून ठोकायचा नकाशा करा.

उन्हाचं लोक फार टेन्शन घेतात. 1 डिग्रीला साधारण 10 पिकोमीटर सरकतं हे खरं, 5 डिग्रीला 50, म्हणजे 40 मायक्रोस्ट्रेनसारखं दिसतं, पण ऊन चढायला तास लागतात आणि धडक काही मिलिसेकंदांत संपते, मागच्या काही सेकंदांची सरासरी वजा केली की प्रश्न मिटला. इंजिनच्या थरथरीचं मात्र बघा, ते चालू ठेवून तासभर रेकॉर्ड करा आणि अलार्मची मर्यादा त्याच्या वर ठेवा.

अलार्म वाजला म्हणजे थर सुटले असं नाही, धडक बसली एवढंच. त्या चौकोनाला खडूने खूण करा आणि आता नाणं काढा.