हार्नेस टेस्टर चालू करायच्या आधी : पहिल्यांदा मशीनचीच परीक्षा घ्या

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल कुठल्याही एमआयडीसीत वायरिंग हार्नेसला (गाडीतल्या वायरींचा कपलरसकट बांधलेला जुडगा) ऑटोमॅटिक टेस्टर बसवत असाल तर सगळ्यात आधी मास्टर पीसकडं, म्हणजे मशीनला नमुना म्हणून शिकवायच्या हार्नेसकडं, बघा. आपण जो पीस शिकवू तोच मशीनला बरोबर वाटतो, म्हणजे मास्टरमध्येच दोन काळ्या वायरी अदलाबदल झाल्या असतील तर पुढचे तशीच चूक असलेले सगळे पीस पास होणार आणि नेमका बरोबर असलेला रिजेक्ट. म्हणून शिकवायच्या आधी ड्रॉइंग समोर घेऊन एकानं पिन नंबर वाचायचा आणि दुसऱ्यानं मल्टीमीटर लावायचा, आणि ज्यानं तो पीस बांधलाय त्याला या कामावर बसवू नका.

मग मुद्दाम चार खराब पीस बनवा, लाल टेप गुंडाळून वेगळे ठेवा. एकात वायर तुटलेली, एकात दोन पिना शॉर्ट, एकात क्रॉस (दोन वायरी अदलाबदल), आणि चौथ्यात टर्मिनल (वायरीच्या टोकाची धातूची पिन) कपलरमध्ये (प्लास्टिकच्या जोडणीत) अर्धवट घुसवलेलं, लॉक न झालेलं. हा चौथा लई महत्त्वाचा आहे बघा, कारण टर्मिनल टेकलेलं असतंय त्यामुळं कंटिन्युटी (करंट आरपार जाणं) मिळते, पण गाडीवर कपलर दाबला की तेच टर्मिनल मागं सरकतं आणि गिऱ्हाईक रस्त्यात अडकतं. फिक्स्चरच्या (कपलर ज्यात बसवून तपासतात त्या साच्याच्या) स्प्रिंगच्या पिनेनं टर्मिनल जोरात मागं ढकललं पाहिजे, लॉक नसेल तर ते सरकून मशीनला ओपन, म्हणजे तुटलेलं, दिसलं पाहिजे. चौथा पीस पास झाला तर पिना बदला, तोवर शिफ्ट सुरू करू नका. आणि हे रोज, प्रत्येक शिफ्टला.

नुसत्या बीपवर विसंबू नका. बऱ्याच मल्टीमीटरची बीप 20-30 ओहमलाही वाजते, आणि इकडं 12 व्होल्टचा 55 वॉटचा हेडलाइट साडेचार अँपिअर ओढतो, जॉइंटमध्ये अर्धा ओहम जरी राहिला तरी दोनेक व्होल्ट तिथंच खाल्ले जातात आणि दिवा मंद. 1 चौरस मिमीची तांब्याची वायर मीटरला साधारण 17-18 मिलिओहम भरते, एवढं बारीक मोजायला चार वायरची पद्धतच (दोन वायरींनी करंट सोडायचा, दोन वायरींनी व्होल्टेज मोजायचं) लागते. कच्चा क्रिंप (वायरीवर टर्मिनल दाबून बसवलेला जोड) मात्र मशीनलाही दरवेळी दिसत नाही, त्यामुळं क्रिंपची उंची आणि ओढून बघायची टेस्ट आधीच झालेली असू दे.

इन्सुलेशन टेस्ट (वायरी एकमेकींपासून नीट वेगळ्या आहेत का ते बघणारी) नेहमी कंटिन्युटीनंतर, आणि 500 व्होल्ट सोडायच्या आधी हार्नेसमध्ये डायोड किंवा सर्किट असेल तर त्या लाइनी प्रोग्राममधून वगळा, नाहीतर तेच जळतील. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपलर दमट होतात, रीडिंग खाली येतं, म्हणून माल आणि फिक्स्चर कोरडं ठेवा, फाउंड्री शेजारी असेल तर पिनांवरची लोखंडाची धूळ रोज ब्रशनं काढा. अर्थिंग, यूपीएस हे आलंच.

ऑपरेटरला टेस्ट चालू असताना कपलरजवळ वायर हलवायला शिकवा, मधूनच तुटणारा फॉल्ट तेव्हाच सापडतो. ओके स्टिकर पास झाल्यावरच प्रिंटरमधून निघेल असं सेटिंग करा, आधी छापलेला गठ्ठा टेबलावर नको, आणि रिजेक्टच्या लाल पेटीची किल्ली सुपरवायझरकडं.