पोर पोलीस स्थानकात असताना उत्पन्नाच्या दाखल्यामागे धावू नका

गोव्यातल्या डिचोलीकडची एक आई मामलेदार कचेरीच्या रांगेत भेटली. प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड, वीजबिल, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला. उत्पन्नाचा दाखला दाखवला की मुलाला फुकट वकील मिळतो, असं शेजाऱ्याने सांगितलेलं. मुलाला बाल न्याय मंडळापुढे, म्हणजे अठराच्या आतल्या मुलांवरच्या गुन्ह्यांच्या केसेस चालतात तिथे, आदल्याच दिवशी उभं केलं होतं. वकील कोणीच नव्हता.

सगळ्यात महागात पडणारी चूक ती हीच. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२: स्त्री आणि मूल यांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अटच नाही. अठराच्या आतलं वय पुरे. बाप दुबईला असो नाहीतर खाणीवरून घरी बसलेला असो.

दुसरी चूक शब्दाची. लोक सांगतात, "आम्हाला सरकारी वकील द्या." सरकारी वकील खटला चालवणाऱ्या सरकारच्या बाजूने उभा राहतो! मागायचा तो विधी सेवेचा वकील, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या प्राधिकरणाने नेमलेला. मुलाला ताब्यात घेतलं की पोलिसांनी स्वतःहून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं, नियमच आहे तसा. तरी त्यांनी कळवलं असेल असं धरून बसू नका. उत्तर गोव्याचं आणि दक्षिण गोव्याचं प्राधिकरण वेगवेगळं आहे. कुठे जायचं कळत नसेल तर विधी सेवेच्या १५१०० या मदत क्रमांकाला फोन लावा. मूल अडचणीत आहे म्हणून मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ ही चालतो.

घाई कशाला, असं वाटेल. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मुलाला मंडळापुढे न्यावं लागतं, आणि जामिनाची गोष्ट तिथेच निघते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम १२ मुलाच्या बाजूचं आहे. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, जामीनदार असो वा नसो, सोडणं हा नियम. नाकारायचं तर तीनच कारणं: मूल गुन्हेगारांच्या संगतीत पडेल, त्याला धोका होईल, किंवा सोडल्याने न्यायाचा हेतूच बुडेल. हे मंडळासमोर मांडायला त्या दिवशी वकील हवा. पुढच्या तारखेला आला तर मधले दिवस पोर निरीक्षणगृहात, म्हणजे केस चालू असलेल्या मुलांना ठेवतात त्या घरात, काढतं. जामीनदार शोधत गावभर हिंडणारे बाप मी पाहिलेत. तेवढ्या वेळात वकील मिळाला असता.

वय तोंडी सांगू नका. "सतरा चालू आहे" याला किंमत नाही. शाळेचा जन्मतारखेचा दाखला, तो नसेल तर पंचायतीचा किंवा पालिकेचा जन्मदाखला. हाडांची तपासणी त्यानंतरच. दाखल्याची झेरॉक्स वकिलाच्या हातात पहिल्याच भेटीत द्या. मूल सोळा ओलांडलेलं आणि गुन्हा किमान सात वर्षांच्या शिक्षेचा असेल, तर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा का, याची प्राथमिक छाननी मंडळ करतं. तिथे वकील गप्प राहिला तर पुढचं सगळं अवघड होतं.

वकील नेमलाय पण मुलाला भेटलाच नाही, अशीही तक्रार येते. नुसती कुरकुर नको. प्राधिकरणाच्या सचिवांना साध्या कागदावर लिहा: मुलाची केस कुठल्या मंडळापुढे आहे, वकील कधी नेमला, किती तारखांना आला नाही, दुसरा वकील द्यावा. नाव, फोन, सही. पोच घ्यायला विसरू नका, आणि ती पिशवीत सगळ्यात वर ठेवा.

आणि वाड्यावरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "आमच्या बाबूला सोडवा" म्हणत फोटो टाकू नका. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली मुलाची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे, आणि सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, फोटो टाकणाऱ्या मामालाही होऊ शकतो.