लेझर प्रिंटर डेड, नवा फ्यूजही उडतो: माझा अनुभव

सांगलीत वळवाच्या पावसात वीज कडाडली, दुकानातला प्रिंटर गप्प. केबल बदलली. फ्यूज बदलला, तोही फट्कन उडाला. दोन दिवस डोक्याला नुसता ताप.

मग प्लग काढून अर्धा तास थांबलो. सप्लाय बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरचं व्होल्टेज शून्याजवळ आल्याचं मीटरवर पाहिलं (हे टाळू नका, तिथे ३०० व्होल्टच्या वर साठतं). फ्यूजमागच्या निळ्या चकतीवर, १४डी४७१ व्हॅरिस्टरवर (व्होल्टेज अचानक वाढलं की ते स्वतःवर घेऊन बोर्ड वाचवणारा भाग), मीटर बीप देत होता. एक पाय सोडवला, तरी बीप. शॉर्ट! ब्रिजचे (एसीचं डीसी करणाऱ्या भागाचे) चारही डायोड ठीक: मीटरवर एकीकडून ०.५ व्होल्ट, उलट काही नाही.

व्हॅरिस्टर नवा, फ्यूज जुन्याच रेटिंगचा. हीटरची (कागदावर टोनर पक्का करणाऱ्या भागाची) वायर काढून, ६० वॅटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये लावून चालू केलं (शॉर्ट उरला असेल तर करंट बल्बच रोखतो). बल्ब क्षणभर पेटून विझला, आउटपुट २४ व्होल्ट. बल्ब काढला, हीटर जोडला, टेस्ट पेज आलं.