शांती-न्यायाचा ठराव मंडळीच्या अंगवळणी पाडताना

शांती आणि सामाजिक न्यायासाठी बांधील राहण्याचा ठराव ख्रिस्ती मंडळी (स्थानिक चर्च) एका रविवारी एकमताने संमत करते, चौकटीत घालून भिंतीवर लावते आणि पुढच्या वार्षिक सभेत तो कुणाला आठवतही नाही. हे टाळायचं असेल तर ठरावातल्या प्रत्येक वचनामागे एक जबाबदार माणूस, एक तारीख आणि अंदाजपत्रकातली एक ओळ हवी. या तयारीला सहा महिने द्या.

आधी माणसं निवडा. सात जण पुरे. पाळकांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) समितीत जरूर बसावं, पण अध्यक्षपद घेऊ नये. त्यांची बदली झाली की काम थांबतं. खजिनदार सुरुवातीपासून हवा, नाहीतर शेवटी ‘पैसे कुठून आणायचे’ यावर सगळं अडतं. आणि ज्यांना अन्यायाची झळ प्रत्यक्ष बसते असे किमान दोघे हवेत. त्यांच्यासाठी ठराव करायचा आणि त्यांनाच विचारायचं नाही, ही सर्वांत जास्त होणारी चूक.

पहिले दोन महिने फक्त ऐका. एका बैठकीला आठ-दहा जण, खुर्च्या गोलाकार, वेळ दीड तास. सुरुवातीला बायबलमधला याकोब २:१-४ हा उतारा वाचा: सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाची जागा आणि गरिबाला पायांशी. मग तीन प्रश्न विचारा. आपल्या मंडळीत कुणाला परकं वाटतं? आपल्या आसपास कुणाच्या पोटावर पाय येतो आहे? आपण कशाबद्दल गप्प बसतो? सर्वांत तरुण व्यक्तीने आधी बोलावं. वडीलधारे आधी बोलले की बाकीचे नुसत्या माना डोलावतात. प्रत्येकाचं एकदा बोलून झाल्याशिवाय कुणी दुसऱ्यांदा बोलू नये. एकाने टिपणं घ्यावीत, पण नावं लिहू नयेत.

मग मसुदा. एक पान, तीनशे शब्दांच्या आत: आपला विश्वास काय सांगतो, आपण कुठे कमी पडलो, आता काय करणार. मधला भाग गाळायचा मोह होतो. गाळू नका, त्याशिवाय पहिला आणि तिसरा पोकळ वाटतात. बायबलच्या आधारासाठी बहुतेक जण मीखा ६:८ घेतात: न्यायाने वाग, दया कर, देवासोबत नम्रतेने चाल. ते योग्यच आहे, पण लूक ४:१८-१९ (गरिबांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका) शेजारी ठेवून पाहा, मागणी किती थेट होते ते कळेल.

वाक्यं तासून घ्या. ‘आम्ही कष्टकऱ्यांच्या पाठीशी उभे राहू’ याचा हिशेब कुणी मागू शकत नाही. ‘उपासनामंदिराची साफसफाई आणि राखण करणाऱ्यांना १ तारखेपासून किमान वेतन आणि आठवड्याची सुटी देऊ, जबाबदारी खजिनदारांची’ याचा मागता येतो. सुरुवात अशी घरातूनच करा. आपल्याच दारातल्या माणसाला कमी पगार देऊन बाहेर न्यायावर बोलता येत नाही. दान आणि न्याय यांतला फरकही मजकुरात दिसू द्या: उपाशी माणसाला धान्य देणं दान, त्याची मजुरी का थकली हे मालकाला विचारायला त्याच्यासोबत जाणं न्याय. दोन्हींसाठी निधी वेगळा दाखवा, नाहीतर सगळा पैसा दानाकडेच वळतो.

ठरावासोबत एक खुलाशाचं पत्र जोडा. वर्णभेदाच्या काळात दक्षिण आफ्रिकेतल्या डच रिफॉर्म्ड मिशन चर्चने १९८६ मध्ये बेल्हार विश्वासांगीकार (ऐक्य, समेट आणि न्याय यांवरची श्रद्धेची जाहीर कबुली) स्वीकारला, तेव्हा त्याच्यासोबतही असं पत्र होतं: हा मजकूर कुणा विशिष्ट माणसांवर रोखलेला नाही, चुकीच्या शिकवणुकीविरुद्ध आहे. दुखावणारे सभासद असतीलच. त्यांना हे लेखी मिळालेलं बरं.

संमतीसाठी काठावरच्या बहुमतावर समाधान मानू नका. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या सभा मतदान घेत नाहीत. सभेचा एकंदर कल काय दिसतो ते शब्दांत मांडून सभेतच वाचून दाखवतात आणि हरकत आली तर तिथेच बदलतात. मतदान तुमच्या घटनेनुसार घ्यावंच लागेल, पण ही वाचनाची पायरी आधी ठेवा.

अंतर्गत भांडणांसाठी मत्तय १८:१५-१७ चा क्रम लिहून ठेवा: आधी दोघांतच एकांतात बोलणं, मग एक-दोन साक्षीदार घेऊन, मग मंडळीसमोर. बहुतेक ठिकाणी पहिली पायरी गाळली जाते आणि तक्रार थेट तिसऱ्याच्या कानावर जाते. मात्र घरातली मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा मुलांशी गैरवर्तन असेल तिथे हा क्रम लावूच नका. पीडित व्यक्तीला एकटीने अत्याचार करणाऱ्यासमोर बसवणं म्हणजे तिला पुन्हा धोक्यात ढकलणं. तिथे आधी तिची सुरक्षितता, मग कायद्याची मदत, आणि आरोप असलेल्याला चौकशी संपेपर्यंत सर्व जबाबदाऱ्यांतून बाजूला करणं. क्षमेचा विषय तिच्यासमोर कुणी काढू नये. तो काढायचा की नाही आणि केव्हा, हे तिनेच ठरवायचं.

दर तीन महिन्यांनी उपासनेनंतर वीस मिनिटांत आढावा घ्या. प्रत्येक वचन वाचा, जबाबदार व्यक्तीने काय झालं ते सांगावं. एखादं वचन सलग दोनदा राहिलं तर कारण इतिवृत्तात लिहा आणि माणूस, तारीख किंवा पैसे यांपैकी जे कमी पडलं ते त्याच बैठकीत बदला.