कुडू, इम्पाला, ओरिक्स: लांबून नराची पारख कशी करायची

आपल्या खान्देशातून आता आफ्रिका सफारीला जाणारे बरेच झालेत, जळगाव भुसावळ धुळ्याकडचे लोक ग्रुप करून केनिया टांझानिया करून येतात आणि आल्यावर मोबाईलमधले कुडू, इम्पाला, ओरिक्स असल्या तिकडच्या हरणासारख्या शिंगवाल्या प्राण्यांचे फोटो दाखवतात तेव्हा प्रश्न ठरलेला, भाऊ हा मोठा आहे ना? आता मोठा म्हणजे काय, शिंग लांब का वय जास्त का अंगाने भरलेला, या तिन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकातच धरतात. माझं म्हणणं एवढंच की आधी वय बघा, शिंगाची लांबी सगळ्यात शेवटी. ते कसं करायचं ते नीट सांगतो.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा विषयच नाही, जंगलात पडलेलं शिंग सापडलं तरी घरी आणायचं नाही, वनविभागाला कळवायचं. केनियातही १९७७ पासून शिकार बंद आहे. दक्षिण आफ्रिका, नामिबियासारख्या देशांत ती परवान्याने चालते आणि तिथल्या गाईड लोकांनी ही पारखायची पद्धत घासून घासून बसवलीय, कारण गोळी सुटायच्या आधी त्यांना ठरवावं लागतं की समोरचा नर म्हातारा आहे का ऐन उमेदीतला. उमेदीतला गेला तर कळपाची पुढची पिल्लावळच गेली. आपल्याला बंदूक नको, पण तीच पद्धत दुर्बिणीने आणि कॅमेऱ्याने बघणाऱ्याला जशीच्या तशी कामाला येते.

शिंगाचं गणित समजलं की अर्धं काम होतं. चितळ सांबराचं शिंग दरवर्षी गळतं आणि नवीन येतं, त्यामुळे तिथे वेगळा हिशोब. कुडू, इम्पाला, आपलं काळवीट, नीलगाय यांचं शिंग गळत नाही, आत हाड आणि त्यावर केराटिनचं आवरण, आपली नखं ज्याची बनतात तेच, आणि ते जन्मभर एकच. वाढ होते ती बुडातून. म्हणजे टोक हे त्याच्या लहानपणीचं आणि बूड हे आत्ताचं. सुरुवातीच्या वर्षांत शिंग भराभर लांब होतं, नंतर लांबी वाढायचा वेग कमी होतो, बूड भरत जातं आणि टोक मात्र झाडाला घासून, मातीत खुपसून, मारामाऱ्या करून झिजत राहतं. म्हणून बऱ्याचदा खरा म्हातारा नर हा सात वर्षाच्या नरापेक्षा शिंगाने थोडा कमीच भरतो. लांबीवर वय ठरवणारा माणूस इथेच फसतो.

बैलबाजारात आपले जुने शेतकरी शिंगांना भुलत नाहीत, ते ओठ उचलून दात बघतात, दोन दाती का चार दाती का जुळला ते सांगतात आणि मगच भावाचं बोलतात. रानात दात बघायला मिळत नाहीत, म्हणून दाताचं काम मानेवरून आणि अंगावरून करायचं.

मान बघा. तरण्या नराची मान बारीक, डोकं उंच, पोट आत, पाय लांब वाटतात. वय झालं की मान जाड होते आणि छातीत उतरते, खांदा भारी, पाठीला जरा बाक, पोट खाली आलेलं, चाल संथ. तोंडावर, कानावर जुन्या मारामारीच्या खुणा, कानाच्या कडा फाटलेल्या. अजून एक, म्हातारा नर बऱ्याचदा एकटा नाहीतर आपल्यासारख्याच एक दोन जणांसोबत असतो, माद्यांच्या मागे पळापळ करणारा नर हा ऐन भरातला असतो. हे सगळं बघायला अर्धा मिनिटही लागत नाही, आणि रानात तेवढाच टाईम मिळतो.

आता कुडू, म्हणजे ग्रेटर कुडू, कारण सगळ्यात जास्त चुका यातच होतात आणि सगळ्यात सुंदरही हाच. शिंग फक्त नराला. पहिला पीळ साधारण दोन वर्षाच्या आसपास दिसायला लागतो आणि पूर्ण अडीच पीळ व्हायला सहा वर्षं तरी जातात. त्यामुळे समोर दिसला की पीळ मोजा. दोनच पीळ आणि टोकं अजून आत किंवा सरळ वर, तर पोरगा आहे, शिंग कितीही उंच वाटलं तरी. अडीच पीळ पूर्ण आणि टोकं बाहेर वळलेली, तर वयात आलेला. टोकाला जो पांढरट, हस्तिदंती रंगाचा भाग असतो तो दुर्बिणीत बघा, टोकदार आणि लांब असेल तर झीज कमी, बोथट आणि आखूड झाला असेल तर या नराने बरेच पावसाळे बघितलेत. गळ्याखालची केसांची झालर, अंगाचा निळसर करडेपणा, हेही वयाकडेच बोट दाखवतात.

लांबी बघायचीच असेल तर कान हीच पट्टी. कुडूचा कान साधारण ९ ते १० इंच धरतात. शिंगाच्या बुडापासून वर किती कान बसतात ते डोळ्याने लावायचं. पण इथे एक मेख आहे, कुडूचं शिंग पिळाच्या बाहेरच्या कण्यावरून टेप फिरवत मोजतात, त्यामुळे पीळ खोल असला की सरळ उंचीपेक्षा लांबी बरीच जास्त भरते. म्हणून बाजूने उभा असताना पिळाची खोली बघा. दोन नर सारख्याच उंचीचे दिसतात, एकाचा पीळ घट्ट आणि सपाट, दुसऱ्याचा मोकळा आणि खोल, दुसरा सहज पुढे जातो. लंडनच्या रोलंड वॉर्ड या प्राण्यांत पेंढा भरणाऱ्या कारागिराने १८९२ मध्ये शिंगांच्या मापांची नोंद छापायला सुरुवात केली, त्या नोंदीत दक्षिणेकडच्या ग्रेटर कुडूला जागा मिळायला साधारण ५४ इंच लागतात. पण तुम्ही सफारीत फोटो काढताय, तुम्हाला ५४ शी काय करायचंय, तुम्ही पीळ, टोक आणि मान सांगू शकलात तर गाईडसुद्धा तुमच्याकडे वळून बघेल.

इम्पाला सगळीकडे दिसतो म्हणून लोक लक्ष देत नाहीत, पण शिकायला याच्याइतका चांगला कोणी नाही कारण एकाच कळपात सगळ्या वयाचे नर शेजारी शेजारी मिळतात. पहिल्या वर्षी सरळ खिळे, मग मागे वळण, मग बाहेर जाऊन परत वर येणारा पूर्ण आकार. कान साधारण ६ इंचाचा. पूर्ण वाढलेल्या नराचं बूड जाड, वळ्या म्हणजे शिंगावरचे आडवे कंगोरे ठसठशीत आणि त्या वर दूरवर गेलेल्या, वर गुळगुळीत टोक. तरण्याचं उलटं, वळ्या थोड्या आणि शिंगाच्या मानाने गुळगुळीत भाग फार. समोरून दोन शिंगांमधलं अंतर डोळ्यात भरतं आणि तिथेच माणूस गंडतो, रुंद दिसलं की लांबच असेल असं काही नसतं. बाजूने बघितल्याशिवाय इम्पालाबद्दल बोलूच नका.

गेम्सबॉक म्हणजे नामिबियाकडचा ओरिक्स. इथे नर मादी दोघांना शिंगं, आणि मादीचं शिंग बहुतेक वेळा जास्त लांब पण बारीक असतं. म्हणजे कळपातलं सगळ्यात लांब शिंग बघून वा काय नर आहे म्हणालात तर ती बाई निघायची शक्यता जास्त. बुडाशी बघा, नराचं बूड जाड, दोन्ही शिंगं कपाळावर एकमेकांच्या जवळ आलेली, मान जाड. मादीची शिंगं बुडापासूनच सडपातळ. पोटाखालीही एक नजर टाका, शंका राहत नाही.

ईलंडचंही तसंच, मादीचं शिंग बारीक आणि बऱ्याचदा नरापेक्षा लांब. म्हाताऱ्या ईलंडची शिंगं तर झिजून आखूड झालेली असतात, पण तो समोर आला की शिंगाकडे बघायची गरजच राहत नाही. कपाळावर गडद केसांचा जाड गुच्छ, गळ्याखाली लोंबणारी पोळी, मान खांद्याचा रंग निळसर राखाडी, आणि शांत वातावरणात चालताना गुडघ्याजवळून टक टक असा आवाज येतो तो बऱ्याच लांबून ऐकू येतो. वयाची ओळख शिंगाशिवाय कशी पटते हे ईलंडने शिकवावं.

सेबलचा पूर्ण वाढलेला नर काळाभोर, मादी आणि तरणा तपकिरी, त्यामुळे रंगाने सुरुवात करा मग शिंगाचा मागे जाणारा बाक बघा. स्प्रिंगबॉकला दोघांना शिंगं, नराचं जाड. वाईल्डबीस्टमध्येही दोघांना, तिथे बूड कपाळावर किती भरलंय ते बघायचं.

आता फसवणाऱ्या गोष्टी. पाठमोरा पळणारा नर नेहमी मोठा वाटतो, अंग लहान दिसतं आणि शिंगं वर पसरलेली दिसतात, त्या अँगलवरून कधीच मत देऊ नका. सडपातळ तरण्याच्या अंगावर शिंगं मोठी वाटतात आणि भारी म्हाताऱ्याच्या अंगावर तीच लहान वाटतात. आणि कान पुढे वळलेला किंवा मागे पाडलेला असेल तर पट्टीच आखूड झाली, कान बाजूला पसरेपर्यंत थांबा. ऊन चढलं की जमिनीवरून हवा थरथरते, त्यात वळ्या आणि टोक काहीच नीट दिसत नाही, हे आपल्याला सांगायची गरज नाही, एप्रिल मे मधलं भुसावळचं ऊन ज्याने बघितलंय त्याला माहितीय. सकाळी लवकर आणि संध्याकाळीच बघा, ८×४२ किंवा १०×४२ ची दुर्बीण पुरते, हात टेकवून धरा.

आफ्रिकेला जायच्या आधी सराव इथेच होतो. पहाटे केळीच्या नाहीतर हरभऱ्याच्या शेताकडे नीलगाय येतेच. नराचं शिंग जेमतेम ६ ते ९ इंच, त्यामुळे शिंगावर काही ठरवताच येत नाही आणि डोळ्याला आपोआप अंग बघायची सवय लागते. पिवळसर तपकिरी पोरगा हळूहळू कसा करडा आणि मग निळसर काळा होतो, गळ्यावरच्या पांढऱ्या डागाखाली केसांचा झुपका कसा असतो, मान कशी भरते, हे एका हंगामात डोळ्यात बसतं. मला आठवतोय तो चोपड्याकडच्या एका बांधावर उभा राहिलेला नर, मक्याच्या कडेला, उजव्या कानाची कड आतपर्यंत चिरलेली, एक शिंग दुसऱ्यापेक्षा बोटभर कमी आणि टोक गोटीसारखं गोल झालेलं, मानेवर जुन्या जखमेची केस नसलेली रेघ, आणि बुडाशी वाळलेला चिखल. त्याच्यामागे दोन तपकिरी पोरगे होते त्यांची शिंगं टोकदार, स्वच्छ. तिघं एका रेषेत उभे होते आणि वय म्हणजे काय ते तिघांनी मिळून दाखवलं. नीलगायीने पीक खाल्लं की राग येतो तो खरा आहे, त्यासाठी पंचनामा करून घ्या, पण उभी असेल तेव्हा दोन मिनिटं बघून घ्या.

चिंकारा बघायचा तर यावल, अनेर, गौताळा या अभयारण्यांच्या बाजूला नशीब आजमावा. यात मादीलाही शिंग असतं पण बारीक, आखूड, जवळजवळ सरळ, नराचं वळ्यांचं आणि बाकदार, म्हणजे गेम्सबॉकसारखा बुडाकडे बघायचा सराव होतो. काळविटासाठी चाळीसगाव मालेगावकडच्यांना येवला तालुक्यातलं ममदापूर जवळ पडतं. काळविटाचे पीळ मोजा, रंग बघा, तपकिरी नर हळूहळू काळा होत जातो, दोन्ही एकत्र लावून वय सांगा, कुडूवर तुमचा हात आपोआप बसेल. लांबूनच बघा, गाडी घेऊन मागे लागू नका, उन्हाळ्यात पळवलं तर प्राणी मरतो.

बघितलं की लगेच वहीत लिहा, आणि क्रम हाच ठेवा: नर का मादी, अंग आणि मान, शिंगाचं बूड, पीळ किंवा वळण, टोक, आणि सगळ्यात शेवटी कानाच्या पट्टीने अंदाजे लांबी. फोटो झूम करायच्या आधी लिहायचं, नाहीतर डोळा आळशी होतो. घरी आल्यावर फोटोवर कान आणि शिंग पट्टीने मोजून तुमचा आकडा तपासा. सुरुवातीला बहुतेक जण लांबी जास्तच सांगतात, दोन तीन इंच तरी, तो फरक वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी अंदाज सांगताना तेवढे वजा करा.