मतदारयादीपासून सतरा-सीपर्यंत: सीमाभागातील बूथचा हिशेब कसा ठेवावा

निवडणुकीचा निकाल लागला की बेळगाव सीमाभागात वडगाव-शहापूरपासून खानापूर-निपाणीपर्यंत कट्ट्याकट्ट्यावर एकच चर्चा रंगते: मशीनमध्ये काहीतरी झाले. त्या बूथवर आपल्या बाजूने कोण बसले होते आणि संध्याकाळी त्याने नमुना १७-सीची, म्हणजे बूथवर पडलेल्या मतांच्या हिशेबाच्या कागदाची, प्रत घेतली होती का, एवढे विचारले की बहुतेक कट्टे गप्प होतात. संशय घेण्याचा हक्क सर्वांना आहे. मात्र तो कागदावर तपासून पाहण्याची सोय कायद्यानेच करून ठेवली आहे आणि ती वापरायची कशी, एवढेच येथे सांगायचे आहे.

कामाला सुरुवात मतदारयादीपासून करावी, तीही निवडणूक जाहीर होण्याच्या पुष्कळ आधी. माझ्या मते सीमाभागात मते हातची जातात ती मशीनपेक्षा यादीत अधिक. आपल्या भागाची यादी मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी आणि गल्लीतल्या दोन-तीन जाणत्या माणसांनी, कन्नड शाळेत शिकलेले एखादे पोर सोबत घेऊन, घरक्रमाने मोठ्याने वाचावी. ज्ञानेश्वर हे साधे नाव घ्या. आपण ते इंग्रजीत ‘डीएनवाय’ने सुरू करतो, तर कन्नड वळणाने लिहिणारा ‘जेएन’ने किंवा ‘जीएन’ने, परिणामी आधार कार्डावर एक आणि यादीत दुसरेच ज्ञानेश्वर उभे राहतात. अशी दुरुस्ती फॉर्म ८ भरून होते. नवे नाव घालण्यासाठी फॉर्म ६ आहे, आणि अठरा पूर्ण झाल्याचे मोजण्यासाठी आता वर्षाला १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात, त्यामुळे पुढच्या जानेवारीची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही.

सुनांच्या नावांकडे विशेष लक्ष द्यावे. माहेर चंदगड किंवा गडहिंग्लज, सासर कडोली किंवा उचगाव, असे असले की नाव महाराष्ट्राच्या यादीत राहते आणि इकडे पुन्हा नव्याने घातले जाते. एका वेळी एकाच मतदारसंघात नोंद असावी, असा कायदा आहे; त्यामुळे राहते घर बदलल्याची नोंद फॉर्म ८ नेच करावी. फॉर्म ७ हा नाव वगळण्यासाठीचा अर्ज असून तो आपल्या नावाविरुद्ध दुसरा मतदारही देऊ शकतो. तशी नोटीस आली तर ती कन्नडमध्ये आहे म्हणून कपाटावर ठेवू नये. सुनावणीला पुराव्यानिशी हजर राहावे. निर्णय विरोधात गेल्यास पंधरा दिवसांच्या आत डीसींकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे, अपील करता येते.

दुसरा टप्पा माणसांचा. प्रत्येक बूथवर उमेदवाराला एक मतदान प्रतिनिधी आणि दोन बदली प्रतिनिधी नेमता येतात. आत एका वेळी एकच बसतो. नेमणूक फॉर्म १० वर होते. शक्यतो त्याच बूथचा मतदार निवडावा, कारण कोण वारले, कोण पुण्याला किंवा गोव्याला कामाला गेले आणि कोणाच्या नावावर भलताच मनुष्य उभा आहे, हे गावच्याच माणसाला कळते. १९९६ साली सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधावे म्हणून बेळगाव लोकसभा मतदारसंघात इतके अर्ज भरले गेले की रिंगणात ४५६ उमेदवार उभे राहिले, आणि त्याच वर्षी लोकसभेची अनामत ५०० रुपयांवरून १०,००० रुपयांवर नेण्यात आली. ज्या भागाने एवढे उमेदवार उभे केले, त्याला बूथमागे तीन शहाणी माणसे मिळत नाहीत, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मतदान सातला सुरू होणार असेल तर प्रतिनिधीने साडेपाचला खोलीत हवे, कारण अभिरूप मतदान, म्हणजे मशीन तपासण्याचे चाचणी मतदान, नव्वद मिनिटे आधी होते आणि प्रतिनिधी न दिसल्यास केंद्राध्यक्ष साधारण पंधरा मिनिटे थांबून ते उरकू शकतात. किमान ५० मते टाकली जातात, मशीनची बेरीज आणि व्हीव्हीपॅटच्या (मत कोणाला गेले ते छापून दाखवणाऱ्या यंत्राच्या) चिठ्ठ्या जुळवल्या जातात. यानंतरची कृती डोळ्यांत तेल घालून पाहावी: क्लोज, रिझल्ट, क्लिअर ही तीन बटणे त्याच क्रमाने दाबली गेली का, बेरीज शून्य दिसते का, आणि पेटीतल्या चाचणीच्या चिठ्ठ्या बाहेर काढून, पाठीवर शिक्का मारून, काळ्या पाकिटात सीलबंद झाल्या का. सकाळच्या घाईत क्लिअर राहून गेले तर संध्याकाळी आकडा जुळत नाही आणि निव्वळ विसरभोळेपणाला घोटाळ्याचे नाव मिळते. कंट्रोल युनिटचा (मते साठवणाऱ्या मुख्य यंत्राचा) क्रमांक आणि हिरव्या कागदी सीलचा क्रमांक आपल्या वहीत उतरवून घ्यावा. मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून वहीच हवी.

दिवसभरात दोन प्रसंग येऊ शकतात. मतदाराच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेला असेल, तर त्याला परत पाठवू देऊ नये. ओळख पटल्यावर त्याला कागदी मतपत्रिकेवर वेगळे मत देता येते, त्याला प्रदत्त मत म्हणतात. आणि चिठ्ठीवर भलतेच चिन्ह उमटले अशी तक्रार असेल, तर लेखी निवेदन घेऊन प्रतिनिधींसमोर चाचणी मत टाकून पाहण्याची तरतूद आहे. मात्र निवेदन खोटे ठरले तर शिक्षा आहे, हे मतदाराला आधी नीट समजावून सांगावे.

संध्याकाळ हीच खरी परीक्षा. वेळ संपताना रांगेत असलेल्यांना शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटल्या जातात आणि ते सर्व मत देईपर्यंत मतदान चालते. मग क्लोज बटण दाबले जाते आणि केंद्राध्यक्ष १७-सीचा पहिला भाग भरतात. या वेळी सर्वांना घरची ओढ लागलेली असते, तरी उठू नये. हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला या नमुन्याची खरी प्रत देणे १९६१ च्या निवडणूक नियमांनुसार केंद्राध्यक्षांवर बंधनकारक आहे. ती मागावी लागत असेल तर नम्रपणे मागावी, पोच द्यावी, आणि एकूण मतांचा आकडा दिवसभर वहीत टिपलेल्या आकड्याशी तिथेच ताडून पाहावा.

मतमोजणीच्या टेबलावर हीच प्रत हवी. युनिटचा क्रमांक, सील आणि एकूण मते जुळली तर त्या बूथपुरता वाद संपला, मग निकाल आपल्याविरुद्ध असला तरी. जुळले नाही तर त्याच क्षणी निर्वाचन अधिकाऱ्यांना लेखी कळवावे. प्रत्येक विधानसभा मतदारसंघातील पाच बूथ सोडतीने निवडून त्यांच्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजल्या जातात, तेथेही आपला मनुष्य असावा.

एक खबरदारी. महापालिका आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेत नाही, त्या राज्य निवडणूक आयोगाच्या असतात. २०२१ च्या बेळगाव महापालिका निवडणुकीत मशीनला व्हीव्हीपॅट जोडलेले नव्हते आणि त्यावरून बराच वाद झाला. तेव्हा त्या वेळचे नियम वेगळे मागवून वाचावेत.

लोकसभा-विधानसभेच्या १७-सीच्या सर्व प्रती बूथ क्रमांकाप्रमाणे लावून एका फाइलमध्ये ठेवाव्यात. निकालाला आव्हान देणारी याचिका उच्च न्यायालयात ४५ दिवसांच्या आत दाखल करावी लागते, त्यामुळे निदान तेवढे दिवस तरी ती फाइल कोणाच्याही घरी उसनी देऊ नये.